फौजेतलं प्रशिक्षण, क्रेडिट आणि पदवी : नेमकं काय धरलं जातं?

हवालदार_शिक्षण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सैन्याच्या शिक्षण कोअरमधून हवालदार म्हणून निवृत्त होऊन मी आता सातारा जिल्ह्यातल्या माझ्या गावी असतो. जवानांना परीक्षांसाठी तयार करणं हेच नोकरीत माझं काम होतं. गावाला ते ठाऊक आहे, त्यामुळे रजेवर आलेली पोरं आणि पेन्शनवर आलेली माणसं कागदांची पिशवी घेऊन दारात येतात. प्रश्न बहुधा एकच असतो, "उस्ताद, माझं ग्रॅज्युएशन झालं का हो?"

बऱ्याचदा उत्तर "नाही" असतं आणि ते सांगणं जिवावर येतं. म्हणून हा धागा काढतोय.

आधी पंधरा वर्षांच्या दाखल्याबद्दल. दहावी पास जवानाची पंधरा वर्षं सेवा झाली की त्याला पदवी-समकक्षतेचा दाखला मिळतो. आपल्याकडे सगळे त्याला "ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट" म्हणतात, कित्येक घरांत तो फ्रेम करून लावलेला मी पाहिलाय. त्यामागे केंद्र सरकारचा १९८६ चा नियम आहे. दहावी झालेला, किंवा सैन्याचं विशेष शिक्षण प्रमाणपत्र अथवा नौदल-हवाई दलाचं तत्सम प्रमाणपत्र असलेला माजी सैनिक, ज्याची सेवा निदान १५ वर्षं झाली आहे, तो केंद्राच्या गट 'क' मधल्या, माजी सैनिकांसाठी राखीव आणि पदवीची अट असलेल्या पदांसाठी पात्र धरता येतो. त्यातही त्या पदाला तांत्रिक किंवा व्यावसायिक कामाचा अनुभव आवश्यक नसला पाहिजे. नियम एवढाच आहे. ही नोकरीपुरती सवलत आहे. त्यामागे कुठलं विद्यापीठ नाही, विषय नाहीत, गुणपत्रिका नाही, आणि क्रेडिट (शिकलेल्या तासांचं माप) तर नाहीतच. एमए, एलएलबी, बीएडच्या प्रवेशाला तो दाखला उपयोगी पडत नाही.

आता अग्निवीरांबद्दल. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी शिक्षण मंत्रालयाने अग्निवीरांसाठी इग्नू या मुक्त विद्यापीठामार्फत तीन वर्षांची कौशल्याधारित पदवी जाहीर केली. या पदवीचे अर्धे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात, तांत्रिक प्रशिक्षणाचे आणि बिगर-तांत्रिकही. उरलेले अर्धे इग्नूचे विषय शिकून, परीक्षा देऊन मिळवायचे. भाषा, अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, लोकप्रशासन, समाजशास्त्र, गणित, वाणिज्य, पर्यटन, शेती असे बरेच विषय त्यात आहेत. शिवाय पर्यावरण आणि इंग्रजी संभाषणकौशल्य. पहिल्या वर्षाचे विषय पुरे केले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांचे केले तर पदविका आणि तिन्ही झाले तर पदवी.

गावातल्या पोरांनी यातलं "अर्धे क्रेडिट प्रशिक्षणाचे" एवढंच ऐकलंय. चार वर्षं झाली की पदवी हातात पडेल, अशी त्यांची समजूत आहे. तसं होणार नाही. नाव नोंदवलं नाही, असाइनमेंट लिहिल्या नाहीत, परीक्षा दिली नाही, तर प्रशिक्षणाचे अर्धे क्रेडिट एकटे काही करत नाहीत. २०२२ च्या शेवटी आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या सुरुवातीला भरतात. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार. बाकीची पोरं बावीस-पंचविसाव्या वर्षी गावी येणार, आणि पहिल्याच अर्जात "शैक्षणिक पात्रता" हा रकाना समोर येणार.

ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी लिहा. माझं काही राहिलं असेल तर भर घाला.

नीरेकाठची

काका, फार गरजेचा धागा. माझा धाकटा भाऊ दहावीवर जीडीला (जनरल ड्यूटी) अग्निवीर म्हणून लागला. बेळगावला मराठा सेंटरमध्ये प्रशिक्षण झालं, आता पोस्टिंग उत्तरेत आहे. तो बारावी नाही, मग इग्नूच्या पदवीला त्याला घेतील का? घरी आम्ही सगळे असंच समजून होतो की फौजच सगळं करून देईल.

हवालदार_शिक्षण

ताई, पदवीला बारावी लागतेच. दहावीवर भरती झालेल्या अग्निवीरांसाठी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची सोय आहे. पदवीपाठोपाठ जून २०२२ मध्येच ती जाहीर झाली होती. सेवेत असतानाच बारावी करता येते आणि ती बारावी नोकरीला आणि पुढच्या शिक्षणाला मान्य आहे.

त्याला फोन करून तीन गोष्टी विचारा. एनआयओएसला नोंदणी झाली आहे का, नोंदणी क्रमांक काय आणि परीक्षेचे किती विषय झाले. "युनिटने नाव पाठवलंय" एवढ्यावर थांबू नका, क्रमांक मागा. क्रमांक असेल तर नोंदणी आहे, नसेल तर शिक्षणाचं काम बघणाऱ्या जेसीओला (सुभेदार दर्जाच्या अधिकाऱ्याला) किंवा कंपनीच्या क्लार्कला जाऊन भेटायला सांगा. आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव नि सर्व्हिस रेकॉर्डवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का तेही बघायला सांगा. वडिलांचं नाव एकीकडे पुरं आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक ए जास्त, असल्या कारणांनी वर्ष वाया गेलेली पोरं मी पाहिली आहेत. सेवेत असताना ते दुरुस्त होतं. बाहेर आल्यावर राजपत्र, प्रतिज्ञापत्र, चकरा.

प्रा_करवीर

मी कोल्हापूर भागातल्या एका महाविद्यालयात शिकवते आणि नव्या शैक्षणिक धोरणाच्या समितीचं काम बघते. क्रेडिटचा हिशेब थोडा उलगडून सांगते, कारण मुलांना आणि पालकांना नुसते आकडे कळतात, ते कुठे बसतात हे कळत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार वर्षाला १२०० तासांचं शिक्षण म्हणजे ४० क्रेडिट, थोडक्यात ३० तासांना एक. या तासांत वर्ग, प्रयोगशाळा, स्वतःचा अभ्यास, प्रत्यक्ष काम सगळं येतं. इग्नूतही पूर्वीपासून एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. आपल्याकडे राज्याच्या रचनेत सत्राला २० ते २२ क्रेडिट आहेत, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६.

पण १२० जमले म्हणजे पदवी झाली असं होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला मुख्य विषयाचे किमान ६० क्रेडिट आणि दुय्यम विषयाचे २४ लागतात. मग भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण, इंटर्नशिप यांचे वेगळे. प्रत्येक खान्याला आपली किमान मर्यादा आहे. एका खान्यात जास्त झाले म्हणून दुसऱ्या खान्यातली तूट भरून निघत नाही. आमच्याकडे दर वर्षी दोन-चार मुलं अशी येतात की बेरीज पुरी असते आणि पदवी अडलेली असते, कारण भाषेचा एखादा दोन क्रेडिटचा पेपर राहिलेला असतो.

अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे मिळवलेले क्रेडिट जमा ठेवायची सोय, जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झाली. तिचं खातं डिजिलॉकरमधून उघडता येतं. तिथे जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात, आणि ज्या संस्थेकडून पदवी घ्यायची तिथले निदान ५० टक्के क्रेडिट असावे लागतात. अग्निवीरांच्या पदवीत इग्नूचा अर्धा वाटा त्याच्याशी जुळतो. त्यामुळे कोणी एजंट "तुमचे सगळेच क्रेडिट ट्रेनिंगमधून करून देतो, नुसती फी भरा" म्हणत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

वैनगंगा

चर्चेत वेगळा सूर लावतो, रागावू नका. मी विज्ञान शिकवतो. फौजेबद्दल आदर आहे, माझे मामा महार रेजिमेंटमध्ये होते. पण अर्धी पदवी प्रशिक्षणावर द्यायची हे मला पटत नाही. रायफल खोलून जोडणं, ड्रिल, गाडी चालवणं ही कौशल्यं मोठीच आहेत. त्यांना पदवी म्हटल्याने ती मोठी होतात असं नाही, उलट पदवीचा अर्थ पातळ होतो. उद्या ही पोरं मुलाखतीला जातील आणि समोरचा विचारेल, बीए कशात? तेव्हा काय सांगतील? आणि १२० पैकी ६० क्रेडिटचं वाचन-लेखन झालेलंच नाही, तर एमएच्या वर्गात टिकायचं कसं?

हवालदार_शिक्षण

सर, प्रश्न योग्य आहे. मला जे वाटतं ते मांडतो.

६० क्रेडिट म्हणजे १८०० तास. रंगरुटाचा दिवस पहाटेच्या पीटीपासून रात्रीच्या रोल कॉलपर्यंत असतो, आणि त्यातला बराच भाग शिकण्याचा असतो. नकाशा वाचन, प्रथमोपचार, सिग्नलची उपकरणं, शस्त्राची निगा, लेखी चाचण्या, पास झाल्याशिवाय पुढची पायरी नाही. खडकीला बॉम्बे सॅपर्सच्या सेंटरमध्ये पोरगं पूल बांधायला शिकतं, पाणी शुद्ध करायचं यंत्र चालवायला शिकतं. अहिल्यानगरला रणगाड्याच्या इंजिनावर काम करतं, लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत नौदलाचा मुलगा जहाजाच्या इंजिनरूमचं शिकतो. चार वर्षांत १८०० तास सहज भरतात, आणि प्रत्येक टप्प्यावर परीक्षा असते. नुसते तास मोजून क्रेडिट देऊ नयेत हे मलाही मान्य आहे, पण इथे मूल्यमापन होतंच.

मामांचा उल्लेख केलात म्हणून विचारतो. मामा रिटायर झाले तेव्हा त्यांना येत असलेल्या गोष्टींपैकी एकतरी कुठल्या नागरी कागदावर होती का? माझ्या बरोबरीचे कितीतरी जण सिग्नल रेजिमेंटमध्ये वीस वर्षं उपकरणं दुरुस्त करून घरी आले आणि "दहावी पास" म्हणून वॉचमनच्या नोकरीला लागले. त्यांना काही येत नव्हतं असं नाही, त्यांच्या येण्याची नोंद कुठेच नव्हती. क्रेडिटमुळे ती नोंद होते. माझ्या दृष्टीने या योजनेचं खरं मोल ते आहे.

एमएबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. म्हणूनच इग्नूचे उरलेले विषय पोरांनी विचार करून निवडावेत असं मी सांगतो. इतिहासात एमए करायचं मनात असेल तर इतिहासाचे जितके पेपर घेता येतील तितके घ्यावेत. "सोपं काय आहे" असं विचारून निवडलं तर तुमचा मुलाखतीचा प्रश्न खरा ठरेल.

वैनगंगा

नोंदीचा मुद्दा पटला. पण मग त्या नोंदीत तपशील हवा. "सैनिकी प्रशिक्षण : ६० क्रेडिट" एवढी एकच ओळ असेल तर नोकरी देणाऱ्याला काहीच कळणार नाही. कुठला कोर्स, किती तास, कोणत्या स्तराचा, हे ओळीओळीने यायला हवं. ते होत नाही तोवर माझा आक्षेप अर्धा तरी कायम आहे.

सॅन_अँटोनियोकर

वरच्या प्रतिसादाला जोडून लिहिते. आम्ही टेक्सासमध्ये असतो, माझी लेक अमेरिकन आर्मीत कॉम्बॅट मेडिक, म्हणजे जखमी सैनिकांवर उपचार करणारी, आहे. तिचं प्रशिक्षण आमच्याच शहरात फोर्ट सॅम ह्यूस्टनला झालं. तपशिलाचं जे तुम्ही म्हणताय, ते इथे बरंच जुनं आहे.

अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन नावाची संस्था १९४५ पासून लष्करी कोर्स तपासून "याला अमुक विषयाचे इतके क्रेडिट द्यावेत" अशी शिफारस करते. आर्मी, नेव्ही, मरीन आणि कोस्ट गार्डच्या माणसाला जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्सक्रिप्ट मिळतं. त्यात प्रत्येक कोर्सची वेगळी नोंद असते, कोर्सचं वर्णन, विषय, स्तर आणि शिफारस केलेले क्रेडिट. हवाई दलाची तर स्वतःची कम्युनिटी कॉलेज ऑफ द एअर फोर्स आहे, १९७२ ला सुरू झालेली. ती दोन वर्षांची असोसिएट पदवी देते.

पण शिफारस ही शिफारसच असते. ती मानायची की नाही हे कॉलेज ठरवतं. लेकीला नर्सिंगला जायचं होतं. ट्रान्सक्रिप्टवर क्रेडिट भरपूर दिसत होते आणि आम्ही खूश होतो. कॉलेजने त्यातले बहुतेक ऐच्छिक म्हणून घेतले. शरीररचनाशास्त्र प्रयोगशाळेसह, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायन हे सगळं तिला पहिल्यापासून करावंच लागलं. इथे चार वर्षांच्या पदवीला साधारण १२० सेमिस्टर क्रेडिट लागतात, आणि त्यातले ३० तरी त्याच विद्यापीठात मिळवा असं बहुतेक ठिकाणी सांगतात. वरच्या वर्गांचे किती असावेत याचीही अट असते. म्हणजे करवीर मॅडम म्हणाल्या तेच, खाना कुठला हे बघायचं.

तिला उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. एक म्हणजे क्लेप परीक्षा. आधीपासून येत असलेल्या विषयाची परीक्षा देऊन क्रेडिट घ्यायचे, सेवेतल्या माणसाला त्या मोफत असतात. दुसरी ट्यूशन असिस्टन्स, म्हणजे फीसाठी सैन्याकडून मिळणारी मदत, सेमिस्टर क्रेडिटला २५० डॉलरपर्यंत आणि वर्षाला ४५०० डॉलरपर्यंत. ड्यूटी करून संध्याकाळी एकेक विषय घेत ती पुढे सरकली. कॉलेज निवडताना तिने आधी विचारून घेतलं, "माझ्या ट्रान्सक्रिप्टमधलं नेमकं काय काय माझ्या पदवीत बसेल ते लेखी द्या." हा प्रश्न प्रवेशाआधी विचारायचा. फी भरल्यावर उत्तर कोणी मनापासून देत नाही.

नीरेकाठची

भावाशी बोलले. एनआयओएसची नोंदणी झालेली आहे, क्रमांकही दिला. पण दोन विषय राहिलेत आणि इग्नूचं अजून काहीच नाही. त्याचं म्हणणं, रोजच्या कामातून डोकं वर काढायला वेळ मिळत नाही. बाहेर आल्यावर राहिलेलं करता येईल का?

कोकणी_नाविक

ताई, मी नौदलात होतो, इग्नूमधून बीकॉम सेवेतच केलं. वेळ मिळत नाही हे शंभर टक्के खरं आहे. तरी भावाला सांगा की सुरुवात आत असतानाच कर. इग्नूची तीन वर्षांची पदवी पुरी करायला सहा वर्षांपर्यंत मुदत असते, त्यामुळे काही पेपर बाहेर येऊन देता येतात. पण नोंदणी, ट्रेनिंगच्या कागदांची जुळवाजुळव हे सगळं युनिट हाताशी असताना होतं. बाहेर आलं की युनिट तिकडे, रेकॉर्ड ऑफिस तिसऱ्या गावी आणि आपण घरी.

मी कसं केलं ते लिहितो. इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरला असतात. जहाज समुद्रात असलं की परीक्षा हुकते, त्याला इलाज नाही. पण असाइनमेंट आपल्या हातात असतात आणि बहुतेक विषयांत त्यांना ३० टक्के भारांक आहे, परीक्षेला ७०. मेसमध्ये रात्रीच्या वॉचआधी (ड्यूटीच्या पाळीआधी) मी असाइनमेंट लिहायचो. जून हुकला तर डिसेंबरसाठी तेवढंच ओझं कमी. एका खेपेला सगळे पेपर देण्याचा हट्ट नाही केला, जेवढे झेपतील तेवढेच फॉर्ममध्ये भरायचे. शेवटी वर्षं जास्त लागली, पण सुटलो तेव्हा पदवी हातात होती आणि अर्जात समकक्ष वगैरे काही लिहावं लागलं नाही.

आणखी एक, अभ्यासाची पुस्तकं पीडीएफ मिळतात. सेलिंगला जायच्या आधी फोनमध्ये उतरवून ठेवायची, तिकडे नेटवर्क नसतं.

हवालदार_शिक्षण

नाविक दादा, फार मोलाचं लिहिलंत. यात एकच जोडतो. जी परीक्षा पास व्हाल तिची पार्ट टू ऑर्डर (सर्व्हिस रेकॉर्डला नोंद चढवणारा आदेश) करून घ्या. सर्व्हिस रेकॉर्डला बारावी चढली नाही, पदवी चढली नाही, तर डिस्चार्ज बुकात जुनीच पात्रता छापून येते. नंतर मूळ प्रमाणपत्र दाखवूनही समोरचा विचारतो, बुकात का नाही? त्या खुलाशात नोकरीच्या मुदती निघून जातात.

कॅडेट_कोल्हापूर

सर, मॅडम, मी एसवाय बीएस्सीला आहे, एनसीसीत दुसरं वर्ष. आमच्या सीनियरने सांगितलं की एनसीसीला २४ क्रेडिट आहेत. तर मग ऐच्छिक विषय सोडले तर चालतील का? कॅम्पमुळे लेक्चर बुडतात, प्रॅक्टिकल बुडतात.

प्रा_करवीर

२४ चा आकडा बरोबर आहे. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एनसीसी हा ऐच्छिक विषय म्हणून घ्यावा असं विद्यापीठांना कळवलं, त्या अभ्यासक्रमात सहा सत्रांत मिळून २४ क्रेडिट आहेत आणि त्यात कॅम्पचेही धरले आहेत. पण तुझ्या महाविद्यालयात तो पूर्ण ऐच्छिक विषय म्हणून चालू आहे का, हे आधी बघ. आपल्या राज्याच्या रचनेत एनसीसी, एनएसएस, खेळ, सांस्कृतिक हे सगळं सह-अभ्यासक्रमाच्या खान्यात येतं आणि त्या खान्याचे क्रेडिट मोजकेच असतात. तिथे एनसीसी घेतलीस तर तेवढेच मिळतील, २४ नाही.

आणि कुठल्याही रचनेत एनसीसीमुळे तुझा मुख्य विषय कमी होणार नाही. भौतिकशास्त्र तर भौतिकशास्त्र, त्याचे क्रेडिट त्याच विषयातून यायला हवेत. बुडालेल्या प्रॅक्टिकलसाठी कॅम्पचं पत्र विभागप्रमुखांना कॅम्पला जाण्याआधी दे, आल्यावर नाही. बहुतेक शिक्षक बॅच बदलून देतात. मी तरी देते. परेडची ७५ टक्के हजेरी सांभाळ, नाहीतर सी सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसता येणार नाही.

पहिल्या वर्षानंतर कोणी बाहेर पडत असेल, म्हणजे भरती झाली, घरची अडचण आली, तर हेही लक्षात ठेवा : ४० क्रेडिट आणि त्यावर कामाशी जोडलेला ४ क्रेडिटचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली तर प्रमाणपत्र मिळतं. तीन वर्षांच्या आत परत येऊन पुढचं शिकता येतं, सगळं मिळून सात वर्षांत पुरं करायचं. आमच्याकडची मुलं एफवायला असताना भरतीला जातात आणि महाविद्यालयाला न कळवताच निघून जातात. दोन दिवस काढून कागद पुरे केले असते तर वर्षभराचं शिक्षण त्यांच्या नावावर राहिलं असतं. प्रत्येक मुलामागे मला याचं वाईट वाटतं.

खडकवासल्याजवळ

एनडीए, म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, तिच्याबद्दल एक माहिती. तिथल्या कॅडेटना पदवी मिळते ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची, बीए, बीएस्सी किंवा कॉम्प्युटर सायन्सची बीएस्सी. तीन वर्षं, सहा टर्म, ड्रिल आणि घोडेस्वारीबरोबर वर्ग, परीक्षा सगळं असतं. आता बीटेकही आहे, त्याचं चौथं वर्ष पुढच्या अकादमीत होतं. म्हणजे अधिकाऱ्याला पदवी आणि प्रशिक्षण एकत्र मिळण्याची सोय आपल्याकडे केव्हापासून आहे. जवानासाठी ती इतक्या उशिरा आली याचा विचार व्हायला हवा.

हवालदार_शिक्षण

पूर्ण सहमत.

सुभेदारांची_लेक

पंधरा वर्षांच्या दाखल्याबद्दल लिहायलाच हवं म्हणून खास खातं उघडलं. बाबा नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना वकील व्हायचं होतं. गावात जमिनीच्या तंट्यात माजी सैनिकांची फार फरफट होते, ती त्यांनी जवळून पाहिली होती. तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी त्यांनी अभ्यास करून दिली, गुणही चांगले पडले. एका महाविद्यालयात कागदपत्रं तपासताना तो दाखला बघून अर्ज बाजूला काढला. तिथल्या माणसाने समजावून सांगितलंही नाही, नुसतं "हे चालत नाही" म्हणाला. बाबा घरी आले आणि कितीतरी दिवस त्या विषयावर बोललेच नाहीत.

कोणी त्यांना वेळेवर एवढं सांगितलं असतं की एलएलबीला मान्यताप्राप्त विद्यापीठाचीच पदवी लागते, तर शेवटच्या पोस्टिंगच्या वर्षांत त्यांनी ती करून टाकली असती. आता त्यांनी नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बीएला नाव घातलंय. पुस्तकं आली त्या दिवशी त्यांनी वहीला कव्हर घातलं.

हवालदार_शिक्षण

ताई, साहेबांना माझा सलाम सांगा. सीईटीत गुण मिळवणाऱ्या माणसाला बीए जड जाणार नाही. अभ्यासात कुठे अडलं तर मला इथे निरोप करा, मराठी आणि राज्यशास्त्रात मी मदत करेन.

सांगलीचा_माजी_सैनिक

उशिरा वाचतोय. माझी सतरा वर्षं सेवा, दाखला आहे, पदवी नाही. कर्मचारी निवड आयोगाची पदवीधर स्तरावरची परीक्षा आहे, आणि बँकेची क्लार्कची. अर्ज करावा की नाही? आणि राज्याच्या भरतीचं काय?

हवालदार_शिक्षण

दोन्ही करा. आयोगाच्या त्या परीक्षेत गट 'ब' आणि गट 'क' अशी दोन्ही पदं असतात. दाखल्यावर तुम्ही फक्त गट 'क' च्या पदांना पात्र, म्हणून पसंतीक्रम भरताना गट 'ब' ची पदं घालू नका. बँकांच्या क्लार्क भरतीच्या जाहिरातीत माजी सैनिकांच्या दाखल्याचा वेगळा परिच्छेद असतो, त्यात दाखला कोणत्या तारखेपर्यंतचा हवा तेही दिलेलं असतं. ती तारीख आणि तुमच्या दाखल्यावरची तारीख शेजारी ठेवून बघा. अधिकारी पदाच्या जाहिरातीत हाच परिच्छेद शोधा, तो नसेल तर पदवीच लागणार असं समजा.

१९८६ चा नियम केंद्राच्या पदांचा आहे. राज्याच्या भरतीत प्रत्येक जाहिरातीतली माजी सैनिकांची अट वाचूनच ठरवा. कळलं नाही तर जाहिरातीची प्रत घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, डिस्चार्ज बुक आणि दाखल्याची मूळ प्रत सोबत न्या, आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी जा. शेवटच्या दोन दिवसांत तिथे रांग असते. आणि अर्जात शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात "पदवीधर" लिहू नका. दहावी लिहा आणि दाखल्याचा उल्लेख त्यासाठी दिलेल्या जागी करा. विद्यापीठाचं नाव विचारणाऱ्या चौकटीत रेकॉर्ड ऑफिसचं नाव भरल्यामुळे अर्ज बाद झालेले लोक माझ्याकडे आले आहेत.